कोपराला लावलेला गूळ

मराठी माणसाला कोपराची आठवण होते ती बहुधा वैतागल्यावर. एखाद्याचा कंटाळा आला की आपण त्याला कोपरापासून हात जोडतो. न मिळणाऱ्या गोष्टीची आशा कोणी दाखवली, की कोपराला गूळ लावला म्हणतो. गूळ डोळ्यांसमोर असतो आणि जीभ काही केल्या तिथवर पोहोचत नाही. आता मी राहतो तेही कोपरलाच. डोंबिवली आणि दिवा यांच्यामधले हे स्टेशन, खाली मुख्य मार्गाच्या गाड्या आणि वर दिवा-वसईच्या. गावाच्या नावावरून आयुष्यभर विनोद ऐकले. म्हणूनच नातीला नेमबाजीच्या क्लासला घातले आणि पहिल्याच आठवड्यात तिथले सर म्हणाले, ‘‘रायफलीचा सगळा खेळ कोपराचा आहे,’’ तेव्हा मला गावाचा थोडा अभिमान वाटला.

क्लासला घालण्याचे निमित्त अर्थातच पॅरिस. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक आले. आम्हा मध्य रेल्वेच्या प्रवाशांचा तिकीट तपासनिसाशी येणारा संबंध फारसा प्रेमाचा नसतो. पण त्या दिवशी आमच्या डब्यात त्याच्या नावाने पेढे वाटले गेले. त्याच स्पर्धेत मनू भाकरने दोन कांस्यपदके घेतली होती. मग घराघरांतून एकच प्रश्न निघाला, ‘‘आपल्या मुलीला घालायचं का?’’

आमच्या घरीही निघाला. नात तेरा वर्षांची. मुलगा रोज लोकलने मुंबईला जाणारा, सून शाळेत शिक्षिका. म्हणजे ने-आण करायला मोकळा माणूस एकच, बँकेतून निवृत्त झालेला आजोबा. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत दर शनिवार-रविवार मी त्या दहा मीटरच्या हॉलमध्ये बसून आहे. पालकांनाही महिनाभर शिकता येईल अशी सोय होती, तीही मी पदरात पाडून घेतली. कॉलेजात असताना एन.सी.सी.त पोटावर झोपून पॉइंट टू-टूच्या चार-पाच गोळ्या झाडल्या होत्या, एवढीच पूर्वपुण्याई. नेमबाजीवर अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. पण नवशिक्याने पहिल्या काही महिन्यांत या खेळातून काय घ्यावे आणि कशाच्या मागे लागू नये, एवढे सांगण्याइतपत वेळ मी त्या बाकड्यावर घालवला आहे.

घरात बंदूक?

पहिला अडथळा घरातूनच आला. ‘‘अहो, पोरीच्या हातात बंदूक देणार? उद्या ती घरात आणेल!’’ आमच्या सौभाग्यवतींचा हा सवाल अगदी रास्त होता. त्याला मी माझ्या नोकरीतल्या एका गार्डची हकीकत सांगून उत्तर दिले.

बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा असलेला गार्ड आपण सर्वांनी पाहिला आहे. आमच्या शाखेत साताऱ्याकडचे एक माजी सैनिक होते. ते दररोज संध्याकाळी बंदूक जमा करताना ती मोडत, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडत, दोन्ही नळ्या माझ्यासमोर धरत आणि म्हणत, ‘‘साहेब, बघा, रिकामी.’’ मी कितीदा म्हटले, अहो, मला दिसते आहे, रोज कशाला? त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, ‘‘तुमचा विश्वास आहे म्हणून मी दाखवायचं थांबलो, तर एक दिवस भरलेली राहील.’’

नेमबाजीच्या चांगल्या क्लासात पहिला धडा नेमका हाच असतो. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने. बोट चापावर ठेवायचे ते नेम धरल्यावरच, तोवर बाहेर. बंदूक खाली ठेवली की ती रिकामी असल्याची खूण दिसली पाहिजे. कोणीही रेषेच्या पुढे जाण्याआधी सर्वांच्या बंदुका खाली आणि हात मागे. सरांनी ‘थांबा’ म्हटले की जगातला सर्वोत्तम नेम धरलेला असला तरी थांबायचे. क्लास निवडताना फी विचारण्यापूर्वी तासभर मागे बसून एवढेच पाहावे. या नियमांत ढिलाई दिसली, तर भिंतीवर कितीही पदकविजेत्यांचे फोटो असोत, तिथून उठावे. आणखी एक साधी गोष्ट. छर्रे शिशाचे असतात. म्हणून क्लास सुटल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. आमच्या नातीला ही सवय लावायला मला सहा आठवडे लागले.

हे सगळे ऐकून सौभाग्यवतींनी परवानगी दिली, पण एका अटीवर, बंदूक घरात येणार नाही. ही अट नवशिक्याच्या अगदी फायद्याची आहे, ते पुढे सांगतो.

थांबलेले लक्ष्य आणि उडालेले लक्ष्य

नेमबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. प्रत्यक्षात तिच्यात दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत. रायफल आणि पिस्तूल यांचा स्वभाव स्थिर, शॉटगनचा चंचल.

शॉटगनने फोडायची ती मातीची तबकडी. इंग्रजीतून आलेले तिचे नाव क्ले पिजन, म्हणजे मातीचे कबुतर. या नावामागे कहाणी आहे. पूर्वी खरीच कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरत. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. त्याआधीच, १८८०च्या सुमारास, अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यांनी मातीची तबकडी आणि ती फेकण्याचे यंत्र काढले आणि पाखरांची सुटका होऊ लागली. आजच्या तबकडीत माती नावापुरतीही नाही. ती चुनखडी आणि डांबराच्या मिश्रणाची असते. व्यास ११ सेंटिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ती सुटते आणि तिचा वेध घ्यायला हाती एखाद्याच सेकंदाचा अवकाश असतो.

या प्रकारात भारताचे नाव मोठे आहे. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह पाच ऑलिम्पिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. दिल्लीतल्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचेच नाव आहे. २००४ साली अथेन्सला लष्करातले राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एका वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्या फोडण्याच्या प्रकारात, रौप्य जिंकले. तो प्रकार २०१६नंतर ऑलिम्पिकमधून गेला. पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका ही जोडी स्कीटच्या मिश्र गटात अवघ्या एका तबकडीने कांस्यपदकाला मुकली.

ज्यांना तबकडीचाच नाद आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या दिवशी सरळ समोर जाणारी तबकडीच मागावी, आडवी जाणारी नको. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट आणि गाल दस्त्याला चिकटलेला असावा. तबकडी फुटली का हे पाहायला नवशिका डोके वर काढतो आणि तिथेच ती हुकते. नजर तबकडीवर ठेवायची, नळीवर नाही, आणि बार उडाल्यावरही बंदूक तबकडीबरोबर फिरत राहिली पाहिजे. कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पहिल्या दिवशी पंचवीस काडतुसे पुष्कळ झाली, त्यानंतर खांदा दुखतो आणि मन शिकत नाही. आणि शिक्षकाला नेम चुकल्यावरच नव्हे, लागल्यावरही विचारावे की का लागला. योगायोगाने फुटलेली तबकडी काहीच शिकवत नाही.

पण आपल्या मुलांना इथून सुरुवात करता येणे अवघड. बारा बोअरला शस्त्रपरवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. देखरेखीखाली शिकायचे म्हटले तरी छर्रे जिथे पडतील तेवढे मोकळे मैदान हवे. दिव्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या दाटीत चेंडू मारला तरी तो कोणाच्या तरी काचेवर जातो. त्यामुळे आपल्याकडचा मार्ग दहा मीटरच्या एअर रायफलीचा किंवा पिस्तुलाचा. त्याला एक लांबट हॉल पुरतो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा झाडणाऱ्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. आवाजही टाळी वाजवल्याइतका. ज्याला पुढे तबकडीकडे जायचे आहे, त्यालाही शिस्त आणि सवयी इथेच शिकता येतात.

डोळा, पाय आणि कोपर

दहा मीटर हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते. आमच्या दोन खोल्या आणि पॅसेज मिळून तेवढे होईल. पण एअर रायफलीच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीने कागदावर टिंब काढावे तेवढा. मोठ्या स्पर्धेत असे साठ छर्रे सव्वा तासात झाडायचे आणि उभे राहून झाडायचे. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते.

मुलांना वाटते, पहिल्या दिवशी ठो ठो करायला मिळेल. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी डोळा पाहतो. आपण जसे उजवे किंवा डावखुरे असतो, तसा आपला एक डोळा वरचढ असतो, आणि तो हाताच्याच बाजूचा असेल असे नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांमधून छोटीशी खिडकी करायची, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीत दिसत राहते तो आपला मालक. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या मुलाला हे कोणी सांगितले नाही, तर तो वर्ष वर्ष स्वतःलाच दोष देत बसतो. पहिल्याच दिवशी ही तपासणी मागून घ्यावी.

मग पाय. पावले किती अंतरावर, वजन कोणत्या पायावर, यावर आमच्या नातीचे दोन रविवार गेले. यातली एक युक्ती मला फार आवडली. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नळी ठिपक्यावरून सरकलेली दिसली, तर हाताने ओढून परत आणायची नाही, पाऊल किंचित हलवायचे. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना पुन्हा आपल्या जागी पळतो.

आणि मग कोपर. रायफलीचे ओझे हाताने पेलायचे नसते. डावा हात दुमडून कोपर कमरेच्या हाडाशी, बरगडीला टेकवायचे, पाठ थोडी मागे न्यायची, म्हणजे ओझे हाडावरून थेट पायांत आणि पायांतून जमिनीत उतरते. स्नायू थकतो आणि थरथरतो, हाड थकत नाही. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा दंडाच्या जोरावर बंदूक धरली होती. नळीचे टोक गणपतीच्या मिरवणुकीत नाचावे तसे नाचत होते. सरांनी कोपर दोन इंच आत सरकवले आणि नाच थांबला नाही, पण ढोल थांबून टाळ सुरू व्हावेत एवढा फरक पडला. चाळीस वर्षे डेबिट-क्रेडिट करूनही कोपर टेकवायची योग्य जागा मला साठीनंतर कळली. मात्र एका बाजूला वाकून उभे राहण्याचा हा प्रकार वाढत्या वयाच्या पाठीला जाच करू शकतो. म्हणून क्लासच्या आधी आणि नंतर पाठीचे व्यायाम हवेतच. ते करून न घेणाऱ्या क्लासला तसे स्पष्ट विचारावे.

खरेदीची घाई करू नये हे ओघाने आलेच. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते, जाडजूड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा यांचे वेगळेच. पॅरिसच्या भरात हे सगळे घेऊन नंतर कपाटावर ठेवलेली घरे मी पाहिली आहेत. पहिले तीन-चार महिने क्लासची बंदूक आणि सपाट तळव्याचे बूट पुरतात. आमच्या घरातल्या अटीने आम्ही लाखभराच्या मोहातून आपोआप वाचलो.

न झाडलेला छर्रा

आता मुख्य गोष्ट. महिनाभरात आमच्या नातीला सरांनी एक विचित्र वाटणारा नियम घालून दिला. नेम धरल्यावर आठ-दहा सेकंदांत मन ‘हो’ म्हणाले नाही, तर बंदूक खाली घ्यायची. श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. ठिपका समोर दिसतो आहे, हात थोडासा थरथरतो आहे, वाटते आता दाबून टाकावा एकदाचा चाप. नेमके तेव्हा दाबायचा नाही.

मला हे ऐकताच माझी जुनी खुर्ची आठवली. बँकेत चेक पास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दुपारी एकच्या सुमारास ढीग असतो. काउंटरपलीकडे लोक पाय आपटत असतात. शंभरातल्या एका चेकवरची सही थोडी वेगळी वाटते. बहुधा बरोबरच असते. पण ‘बहुधा’वर शिक्का मारायचा नसतो. चेक बाजूला ठेवायचा, नमुना सही पुन्हा काढायची, मग ठरवायचे. चांगल्या अधिकाऱ्याची परीक्षा त्याने किती चेक पास केले यात नसते. बाजूला ठेवलेल्या त्या एका चेकमध्ये असते, आणि तो चेक कोणाच्या हिशेबात कधी येत नाही.

ही शिस्त मोठमोठ्यांनाही किती महाग पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांचे. अथेन्सला २००४ साली थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत ते तीन गुणांनी पुढे होते. एकच गोळी उरली होती. त्यांनी नेम छान धरला, चाप सुरेख दाबला, पण लक्ष्य शेजारच्या खेळाडूचे! गुण शून्य, सुवर्णपदक गेले आणि क्रमांक आठवा. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा तीच फेरी, पुन्हा मोठी आघाडी, पुन्हा शेवटची गोळी. नळी ठिपक्यावर उतरायच्या आतच बोट चापाला लागले आणि गुण मिळाले ४.४. पदक गेले. दोन्ही वेळा नेमबाजीचे कसब कमी पडले नव्हते, अखेरची एक खातरजमा राहिली होती. पुढे २०१२ साली लंडनला त्याच प्रकारात एमन्स यांनी कांस्यपदक मिळवले. आणि अथेन्सच्या त्या संध्याकाळी त्यांचे सांत्वन करायला आलेल्या झेक नेमबाज कॅटरिना यांच्याशी २००७ मध्ये त्यांचे लग्न झाले. बीजिंगमध्ये कॅटरिना यांनी एअर रायफलीचे सुवर्ण जिंकले. म्हणजे त्या हुकलेल्या गोळीने अगदीच काही दिले नाही असे नव्हे.

ही गोष्ट सांगितल्यावर नात म्हणाली, ‘‘आजोबा, मी चापावर बोट ठेवण्याआधी माझा लेन नंबर मनात म्हणते.’’ तिला बीजिंगची गोष्ट सांगून घाबरवायला नको होते असे सुनेचे मत पडले, पण लेन नंबर म्हणण्याची सवय अजून टिकून आहे.

गुण नव्हे, गट

बँकेतल्या माणसाला वहीशिवाय चैन पडत नाही. मी नातीला दोनशे पानी वही आणून दिली आणि सरांनी तिच्यात काय लिहायचे ते सांगितले. मला वाटले होते गुण लिहायचे. त्यांनी आकडे लिहायला साफ मनाई केली. तारीख, झोप किती झाली, कोपर कुठे होते, किती वेळा बंदूक खाली घेतली आणि छर्रे कुठे पडले त्याचे चित्र. बस्स.

छर्रे कुठे पडले हे का महत्त्वाचे, ते समजून घेण्यासारखे आहे. समजा, पाच छऱ्यांपैकी एक थेट दहात आणि बाकी चार चहूकडे विखुरलेले. दुसऱ्या मुलीचे पाचही छर्रे डावीकडे खाली, पण एकमेकांना चिकटून, एका चण्याएवढ्या जागेत. घरी सांगताना पहिलीचा ‘दहा’ दणक्यात सांगितला जातो. पण शिक्षक दुसरीची पाठ थोपटतो. तिचे शरीर दर वेळी तेच करते आहे. साइटची कळ चार-दोन टिकटिक फिरवली की तिचा अख्खा गट ठिपक्यावर येईल. पहिलीची कुठली कळ फिरवणार? नवशिक्याने पहिले सहा महिने आपला गट लहान होतो आहे ना, एवढेच पाहावे.

शिवाय रिकाम्या बंदुकीचा सराव. छर्रा न भरता तेच सगळे करायचे, उभे राहणे, नेम, श्वास, चाप, आणि चाप दाबल्यावरही दोन सेकंद तसेच राहणे. कंटाळवाणे असते, पण ठोका नाही आणि भोक नाही म्हटल्यावर आपल्या हाताची हालचाल आपल्याला दिसू लागते. ज्या क्लासात तासाचा निम्मा वेळ असा जातो, तिथे ‘छऱ्यांचे पैसे वाचवतात’ अशी पालक कुरकुर करतात. तसे नाही. तो क्लास चांगला आहे.

गूळ

आता पालकांचा विषय, म्हणजे गुळाचा.

नातीची पहिली छोटी स्पर्धा डिसेंबरात झाली. मुलगा रजा घेऊन आला होता. ती उभी राहिली, नेम धरला, बंदूक खाली घेतली. पुन्हा धरला, पुन्हा खाली घेतली. शिकवलेले ती इतके मनापासून पाळत होती की वेळ संपली तेव्हा तिचे तीन छर्रे शिल्लक होते. तीन शून्ये. तळातून तिसरा नंबर. मुलाचा चेहरा पाहून मला त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचा माझा चेहरा आठवला.

रिक्षात तो गप्प होता. रात्री म्हणाला, ‘‘बाबा, इतका खर्च करून ती बंदूक खाली ठेवायला शिकली?’’ त्याचे सगळेच चुकले होते असे मी म्हणणार नाही. हप्ते भरणाऱ्या माणसाला प्रत्येक खर्चाचा परतावा विचारायचा हक्क असतो, हे मी कर्ज खात्यात बसून शिकलो आहे. सरांनीही तिला सरसकट शाबासकी दिली नाही. ते म्हणाले, ‘‘बंदूक खाली घेतलीस हे बरोबर. घड्याळ पाहिलं नाहीस हे चूक. आता घड्याळ शिकू.’’

पण परतावा पदकात मोजायचा, तर हिशेब कसा बसतो पाहा. आपल्या ठाण्याच्याच रुद्रांक्ष पाटीलचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला, जिथे कर्णीसिंहांनी साठ वर्षांपूर्वी रौप्य मिळवले होते तिथेच, हा अठरा वर्षांचा मुलगा दहा मीटर एअर रायफलीत जगज्जेता झाला. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारातला दुसराच भारतीय. त्या कामगिरीने पॅरिसची जागाही भारताला मिळाली. पण अशी जागा देशाची असते, खेळाडूची नसते. २०२४च्या निवड चाचण्यांनंतर पॅरिसला या प्रकारात गेले ते संदीप सिंह आणि अर्जुन बबुता. त्यातला बबुता तिथे चौथा आला, पदकाच्या एक पायरी खाली. जगज्जेत्याला तिकिटाची खात्री नाही आणि चौथ्याला पदक नाही, असा हा खेळ आहे. मग शनिवारी दोन तास शिकणाऱ्या मुलीच्या कोपराला आपण ऑलिम्पिकचा गूळ लावायचा, आणि तिची जीभ पोहोचली नाही म्हणून तिच्यावरच रागवायचे, हा कुठला न्याय?

पदकाची आस धरू नये असे नाही. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या मुली घडल्या. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. सुमा शिरूर यांनी २००४च्या आशियाई स्पर्धेत ४००पैकी ४०० गुण मिळवले. स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडेच. म्हणजे पॅरिसच्या पदकाची मुळे एका पिढीमागे गेलेली आहेत. इतक्या लांबच्या मुदतीची ठेव पहिल्या तिमाहीत मोडायची नसते, एवढेच माझे म्हणणे.

पालकांना करता येण्यासारखे थोडेच आहे, पण महत्त्वाचे आहे. मूल हॉलमधून बाहेर आले की ‘किती पडले?’ हा प्रश्न गिळावा. ‘आज काय नवीन जमलं?’ असे विचारावे, किंवा काहीच न विचारता वडापाव घेऊन द्यावा. काचेच्या पलीकडून खाणाखुणा करू नयेत. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच, त्याचे लक्ष्य वेगळे आहे, आणि दुसऱ्याच्या लक्ष्यावर नेम धरला की काय होते ते एमन्स यांनी आपल्याला दाखवले आहे.

जानेवारीत पुढच्या तीन महिन्यांची फी भरायची वेळ आली. मुलगा म्हणाला, तिलाच विचारू. तिला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मेडलचं मला नाही माहीत. पण तिथे मला कोणी घाई करत नाही.’’

सकाळची शाळा, दुपारची शिकवणी, संध्याकाळचा गृहपाठ आणि मधल्या वेळात ‘चल, आवर, लवकर’ हा आम्हा सगळ्यांचा जप. तेरा वर्षांच्या मुलीच्या आठवड्यात कोणीही घाई न करणारे चार तास आहेत आणि ते एका बंदुकीमागे उभे राहून मिळतात, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मुलाने फी भरली. पुढच्या रविवारी तिला सोडायला तो स्वतः गेला. बंदूक अजून क्लासचीच आहे आणि घरातली अटही कायम आहे.

येत्या सुट्टीत आपल्या मुलांना किंवा स्वतःलाच या खेळात घालायचा विचार करणाऱ्यांनी एक करावे. नाव नोंदवण्यापूर्वी एखाद्या क्लासात तासभर मागच्या बाकावर बसावे. दहात किती छर्रे लागतात ते मोजू नये. किती मुले नेम धरून, विचार करून, न झाडता बंदूक खाली घेतात आणि तसे केल्यावर शिक्षक त्यांना रागावत नाहीत ना, ते पाहावे. तसे दिसले तर फी भरायला हरकत नाही.